गुरुदेव रवींद्रनाथ : शाळा नकोशा झालेल्या मुलाची शाळा

कोलकात्यातील जोडासाँको भागात ठाकूर घराण्याचा मोठा वाडा होता. त्या वाड्याच्या व्हरांड्यात सहा-सात वर्षांचा एक मुलगा हातात छडी घेऊन उभा राही आणि समोरच्या कठड्याच्या लाकडी गजांना शिकवी. काही गज हुशार, काही मठ्ठ, काही खोडकर. खोडकर गजांवर इतक्या छड्या बसत की त्यांच्या अंगावर कायमचे वळ उठले होते. शाळेत नुकताच जाऊ लागलेला हा मुलगा तिथे इतर काही शिकला नव्हता, पण मास्तर कसे रागावतात ते मात्र पूर्ण शिकला होता. हा मुलगा म्हणजे रवींद्रनाथ ठाकूर. पुढे मोठेपणी आठवणी लिहिताना त्यांनी ही गोष्ट स्वतःच सांगितली आहे.

7 मे 1861 रोजी जन्मलेले रवींद्रनाथ हे महर्षी देवेंद्रनाथ आणि शारदादेवी यांच्या हयात मुलांमध्ये सर्वांत धाकटे. घर श्रीमंत असले तरी मुले नोकरांच्या ताब्यात असत. श्याम नावाचा एक नोकर त्यांच्याभोवती खडूने वर्तुळ काढी आणि त्याबाहेर पाऊल टाकले तर मोठे संकट येईल असे बजावून निघून जाई. रामायण ऐकलेल्या या मुलाला लक्ष्मणरेषा ओलांडल्यावर सीतेचे काय झाले ते माहीत होते. त्यामुळे तो तासन् तास त्या वर्तुळात बसून खिडकीतून खालचे तळे आणि त्याच्या काठचा वड पाहत राही.

ओरिएंटल सेमिनरी, नॉर्मल स्कूल, बंगाल अकॅडमी, सेंट झेवियर्स अशा एकामागून एक शाळा झाल्या, पण मन कुठेच रमले नाही. पहिल्या शाळेत धडा न आलेल्या मुलाला बाकावर उभे करून, हात पसरायला लावून, त्यांवर पाट्यांची चळत ठेवत. दुसरीत रोज सकाळी एक इंग्रजी गाणे म्हणवून घेत. त्याचा अर्थ कोणाला कळत नसे, म्हणून मुलांच्या तोंडी त्याचे शब्दही भलतेच होऊन गेले होते. त्याच शाळेतील एका शिक्षकांची भाषा इतकी घाणेरडी होती की रवींद्रनाथांनी वर्षभर त्यांच्या एकाही प्रश्नाला उत्तर दिले नाही. वर्गात ते शेवटच्या बाकावर बसत. वर्षअखेरीस बंगालीच्या परीक्षेत हाच मुलगा पहिला आला, तेव्हा परीक्षकाने पक्षपात केला अशी तक्रार झाली आणि परीक्षा पुन्हा घ्यावी लागली. दुसऱ्या वेळीही तो पहिलाच आला!

सेंट झेवियर्समधील फक्त एका शिक्षकाची आठवण त्यांनी आयुष्यभर जपली. फादर डी पेनेरांडा हे स्पॅनिश धर्मगुरू काही दिवस बदली शिक्षक म्हणून वर्गावर येत. त्यांचे इंग्रजी उच्चार वेगळे असल्याने मुले त्यांच्याकडे लक्ष देत नसत. एकदा लेखनाच्या तासाला रवींद्रनाथांची लेखणी थांबलेली त्यांना दिसली. ते मागून आले, वाकले, मुलाच्या पाठीवर हात ठेवला आणि बरे वाटत नाही का, एवढेच प्रेमाने विचारले. ही आठवण लिहिताना रवींद्रनाथ पन्नाशीला आले होते. इतक्या वर्षांच्या शाळांतून त्यांच्या मनात प्रेमाने उरले ते हे इतकेच.

सातवी-आठवीच्या वयातच रवींद्रनाथांना खरी शाळाही भेटली आणि ती चार भिंतींच्या बाहेर होती. 1873 मध्ये मुंज झाल्यावर देवेंद्रनाथांनी या धाकट्या मुलाला आपल्याबरोबर हिमालयाच्या यात्रेला नेले. वाटेत पहिला मुक्काम बोलपूरजवळच्या शांतिनिकेतनात होता. ही ओसाड माळरानावरची जागा देवेंद्रनाथांनी ध्यानासाठी घेतलेली होती. खडूच्या वर्तुळात वाढलेल्या अकरा वर्षांच्या मुलाला वडिलांनी तिथे एकट्याने हवे तिकडे भटकायची मोकळीक दिली. पावसाच्या पाण्याने माळावर घळी पडत, त्यांना तिकडे खोआई म्हणतात. तिथून हा मुलगा रंगीत दगडगोटे ओच्यात भरून आणी. देवेंद्रनाथांनी त्यातला एकही फेकायला सांगितला नाही. उलट, ते पहाटे ज्या उंचवट्यावर उपासनेला बसत, तो या दगडांनी सजवायला सांगितले.

महर्षींनी मुलावर काही जबाबदाऱ्याही टाकल्या. त्यांचे किमती सोन्याचे घड्याळ रोज किल्ली देण्यासाठी त्याच्याकडे सोपवले. मुलाने इतक्या उत्साहाने किल्ली दिली की थोड्याच दिवसांत घड्याळ दुरुस्तीला पाठवावे लागले. किरकोळ खर्चाचे पैसे त्याच्याजवळ असत आणि रोज हिशेब द्यावा लागे. मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी असल्याने ही गोष्ट मला फार आवडते : हिशेब कधीच जुळत नसे, आणि एकदा तर मिळालेल्या रकमेपेक्षा शिल्लकच जास्त निघाली. त्यावर देवेंद्रनाथांनी रागावण्याऐवजी, याला आपला खजिनदारच नेमले पाहिजे, अशी थट्टा केली आणि हिशेबाचे काम त्याच्याकडेच ठेवले. भगवद्गीतेतील आपल्या आवडीचे श्लोक त्यांनी खुणा करून मुलाला अनुवादासह उतरवून काढायला दिले होते. पुढे डलहौसीच्या डोंगरात पहाटे संस्कृत, दिवसा इंग्रजी आणि रात्री आकाशातल्या ताऱ्यांची ओळख असा अभ्यास चाले. टोकदार काठी घेऊन मुलगा एकटाच देवदारांच्या जंगलात जाई. दरीत पडेल म्हणून वडिलांनी त्याला कधी अडवले नाही.

या प्रवासानंतर शाळा अधिकच असह्य झाली. वयाच्या चौदाव्या वर्षाच्या आसपास शालेय शिक्षण सुटले ते सुटलेच.

पुढची पंचवीस वर्षे इथे भराभर ओलांडावी लागतील. इंग्लंडला जाणे आणि पदवी न घेता परतणे, मृणालिनीदेवींशी विवाह, कविता, कथा, पूर्व बंगालातील शिलाईदह येथून जमीनदारीचा कारभार. 1892 मध्ये त्यांनी शिक्षणावर एक मोठा लेख लिहून परक्या भाषेतून होणाऱ्या पाठांतरावर कडक टीका केली. पण लेख लिहिणारे पुष्कळ असतात. स्वतःची मुले शिकण्याच्या वयाची झाली, तेव्हा आपण ज्यातून पळालो त्याच शाळेत त्यांना घालायचे का, हा प्रश्न समोर उभा राहिला. थोडे दिवस शिलाईदहच्या घरीच शिकवून पाहिले. मग 22 डिसेंबर 1901 रोजी, बंगाली पंचांगाप्रमाणे पौषाच्या सातव्या दिवशी, शांतिनिकेतनात ब्रह्मचर्याश्रम सुरू झाला. विद्यार्थी पाच. त्यांतला एक त्यांचा थोरला मुलगा रथींद्रनाथ. कवींचे वय चाळीस.

सुरुवातीला मुलांकडून फी घ्यायची नाही असे ठरले होते. तपोवनात गुरू पैसे घेत नसत, हा त्यामागचा विचार. विचार सुंदर होता, पण धान्य उधारीवर आणावे लागे. मृणालिनीदेवींनी आपले दागिने एकेक करून दिले. पुरीचे घर विकले. लोक आपली मुलेही पाठवत ती बहुधा इतर शाळांनी हात टेकलेली. कवीची शाळा म्हणजे सुधारगृह असावे, असा पालकांचा समज झाला होता.

अशा मुलांना छडीशिवाय शिकवायचे, हा नियम रवींद्रनाथांनी पहिल्यापासून धरला. आपल्यापैकी जे मुलांचे वर्ग घेतात त्यांना हे किती कठीण आहे ते ठाऊक आहे. दहा ते चौदा वर्षांची मुले! लहान मुलांसारखी गोष्टीने भुलत नाहीत आणि मोठ्यांसारखे भवितव्यही त्यांना दिसत नाही. आश्रमाचा दिवस सूर्योदयापूर्वी घंटेने सुरू होई. मुले आपापली खोली झाडत, स्नान करत आणि मग मोकळ्या जागेत पंधरा मिनिटे एकेकटी शांत बसत. या वेळात मनात काय आणायचे हे त्यांना सांगितले जात नसे. चिमण्या-खारींकडे पाहिले तरी चालेल, पण शांत बसायचे, एवढीच अपेक्षा असे. संध्याकाळीही तसेच. इतक्या धार्मिक वातावरणातल्या माणसाने मुलांवर उपासना लादली नाही, हे मला विशेष वाटते.

वर्ग झाडांखाली भरत. शिक्षक आपल्या झाडाखाली बसून असत आणि मुले आपले आसन काखेत घेऊन एका झाडाखालून दुसऱ्या झाडाखाली जात. गणितात पुढे आणि इंग्रजीत मागे असलेला मुलगा गणिताला वरच्या गटात व इंग्रजीला खालच्या गटात बसू शकत असे, त्यामुळे एका विषयासाठी संपूर्ण वर्ष नापास होण्याची भीती नव्हती. एकदा एक मुलगा झाडाच्या फांदीवर बसून अभ्यास करताना मुख्याध्यापकांना दिसला. त्यांना हा बेशिस्तपणा वाटला. रवींद्रनाथांनी मुलाचीच बाजू घेतली. खुर्ची आणि फांदी यांतून फांदी निवडण्याची मुभा माणसाला लहानपणीच काय ती मिळते, मोठ्यांना ती नसते, म्हणून त्याला बसू द्यावे, असे त्यांचे म्हणणे होते. गुन्हा झाला तर मुलांनीच निवडलेले न्यायमंडळ निवाडा करी. शिक्षक त्यात पडत नसत.

ते स्वतः वर्ग घेत, आणि तेही नेमाने. इंग्रजी शिकवताना आधी व्याकरण न सांगता उठ, चाल, दार उघड अशा कृतींतून वाक्ये बोलायला लावत, मग तीच वाक्ये दहा प्रकारे फिरवत. या पद्धतीची पाठ्यपुस्तकेही त्यांनी लिहिली. दुसरीकडे, वयाच्या मानाने फारच अवघड वाटणाऱ्या इंग्रजी कविताही ते या मुलांपुढे ठेवत. प्रत्येक शब्द कळलाच पाहिजे असा त्यांचा आग्रह नव्हता. लहानपणी न कळता ऐकलेले बरेच काही मनात राहते व पुढे उगवते, हा त्यांचा स्वानुभव होता. संध्याकाळी ते मुलांना गोष्टी वाचून दाखवत, नवे गाणे रचले की आधी मुलांना शिकवत, त्यांच्यासाठी खेळ शोधून काढत.

सहकारी निवडण्याची त्यांची दृष्टीही वेगळी होती. जगदानंद राय जमीनदारीच्या कचेरीत काम करत. त्यांना विज्ञान सोप्या भाषेत सांगता येते हे ओळखून रवींद्रनाथांनी त्यांना शाळेत आणले. ते दिवसा गणित शिकवत आणि रात्री मुलांना दुर्बिणीतून ग्रह-तारे दाखवत. हरिचरण बंद्योपाध्याय हेही असेच कचेरीतले कर्मचारी. ते संस्कृत शिकवू लागले आणि रवींद्रनाथांच्या सांगण्यावरून त्यांनी बंगाली शब्दकोशाचे काम हाती घेतले. त्याला त्यांच्या आयुष्यातली कित्येक वर्षे लागली. सतीशचंद्र राय हा तरुण कवी तर बी.ए.ची परीक्षा सोडून आला. मुलांना गोष्टी सांगण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. 1904 च्या आरंभी देवीच्या साथीत तो गेला, तेव्हा त्याचे वय जेमतेम बावीस होते.

एका बाबतीत मात्र सुरुवातीच्या काळातील रवींद्रनाथ आपल्याला खटकतात. कुंजलाल घोष नावाचे शिक्षक ब्राह्मण नव्हते. ब्राह्मण मुलांनी त्यांच्या पाया पडावे का, असा प्रश्न निघाला. रवींद्रनाथांनी समाजाच्या रूढीला मान देऊन नुसता नमस्कार पुरेसा ठरवला. जेवणाच्या पंगतीही पहिली काही वर्षे वेगळ्या होत्या. चरित्रकार हा भाग कधी कधी गाळतात. तो गाळण्याचे कारण नाही, कारण रवींद्रनाथ तिथे थांबले नाहीत. दहाएक वर्षांनी त्यांनीच अचलायतन हे नाटक लिहिले. त्यात नियमांनी जखडलेल्या आश्रमात एक लहान मुलगा कित्येक पिढ्या बंद असलेली उत्तरेकडची खिडकी उघडतो आणि त्या महापापाने सगळे गुरुजन हादरून जातात.

पण त्याआधी शाळेच्या संस्थापकाच्या घरावर जे आले, ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. शाळा सुरू होऊन वर्षही झाले नव्हते तेव्हा, नोव्हेंबर 1902 मध्ये, मृणालिनीदेवी वारल्या. आश्रमातील मुलांना करून वाढणारे हात गेले. 1903 मध्ये मधली मुलगी रेणुका क्षयाने गेली. 1905 मध्ये महर्षी गेले. धाकटा मुलगा शमींद्रनाथ, म्हणजे शमी, आश्रमातच शिकत होता. वडिलांच्या कविता त्याला पाठ होत्या. 1907 च्या वसंतपंचमीला त्याने आपल्या सोबत्यांना जमवून ऋतूंचा उत्सव केला. कोणी वसंत झाले, कोणी वर्षा, आणि सगळ्यांनी सोंगे घेऊन गाणी म्हटली. कोणत्याही शिक्षकाने सुचवलेला नव्हता, मुलांनी मुलांसाठी केलेला तो उत्सव होता. त्याच वर्षी पूजेच्या सुटीत शमी एका मित्राबरोबर मुंगेरला गेला. तिथे त्याला कॉलरा झाला. रवींद्रनाथ धावत पोहोचले, पण वयाच्या अकराव्या वर्षी शमी गेला. बंगाली पंचांगातली तारीख तीच होती, पाच वर्षांपूर्वी त्याची आई गेली ती.

रवींद्रनाथ शांतिनिकेतनला परत आले. शमीच्या वयाची मुले तिथे वाट पाहत होती. वर्ग पुन्हा सुरू झाले. पुढच्याच वर्षी त्यांनी या मुलांना रंगमंचावर करता यावे म्हणून शारदोत्सव हे नाटक लिहिले. शरदाची सुटी लागली आहे, मुले गात-नाचत बाहेर पडली आहेत, आणि उपनंद नावाचा एक मुलगा मात्र बसून पोथ्या उतरवतो आहे, कारण त्याला मेलेल्या गुरूचे कर्ज फेडायचे आहे. संन्याशाच्या वेषातला राजा त्याच्या शेजारी बसून त्याला लिहायला मदत करतो. ज्या घरातून नुकतेच एक मूल गेले होते, त्या घरातल्या माणसाने हे आनंदाचे नाटक लिहिले. त्यानंतर ऋतूंचे उत्सव शांतिनिकेतनच्या जीवनाचा भागच झाले. पुढे हजारो लोक तिथला वसंतोत्सव पाहायला जाऊ लागले, त्यांतल्या किती जणांना शमी माहीत असेल?

शाळा वाढत गेली तशा अडचणीही वाढल्या. पूर्व बंगाल आणि आसामच्या सरकारने आपल्या नोकरांची मुले या शाळेत शिकण्यास योग्य नाहीत असे परिपत्रक काढले, तेव्हा काही पालकांना मुले काढून न्यावी लागली. 1913 मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. त्या पैशांचा मोठा भाग त्यांनी पतिसर येथील शेतकऱ्यांसाठी काढलेल्या बँकेत ठेवला, म्हणजे शेतकऱ्याला कमी व्याजाने कर्ज आणि येणाऱ्या व्याजातून शाळेला मदत. कल्पना उत्तम होती. बँक पुढे बुडाली आणि मुद्दलही गेले. मग शाळेसाठी झोळी घेऊन देशोदेशी व्याख्याने देत फिरणे उरले, ते म्हातारपणापर्यंत.

1915 च्या आरंभी दक्षिण आफ्रिकेतल्या फिनिक्स आश्रमाची मुले शांतिनिकेतनात मुक्कामाला होती आणि गांधीजीही आले. आपल्या सातारचे काकासाहेब कालेलकर त्या वेळी तिथे शिकवत होते. नोकर आणि आचारी कशाला, मुलांनी आणि शिक्षकांनी सगळे काम स्वतः करावे, असे गांधीजींनी सुचवले. काही शिक्षकांना ते रुचले नाही, पण मुले उत्साहाने तयार झाली. रवींद्रनाथांनीही शिक्षकांना मान्य असेल तर करून पाहा असे सांगितले. 10 मार्चपासून मुले स्वयंपाक करू लागली, भांडी घासू लागली, संडास साफ करू लागली. भांडी घासणाऱ्यांचा शीण जावा म्हणून काही जण शेजारी सतार वाजवत बसत. प्रयोग फार दिवस टिकला नाही. मात्र दर वर्षी 10 मार्चला आश्रमातील कामगारांना सुटी देऊन विद्यार्थी व शिक्षक ती कामे करतात, ही प्रथा राहिली.

1921 मध्ये विश्वभारती झाली, देशोदेशीचे विद्वान आले. शाळा तिचाच एक भाग बनली. तिला पाठभवन हे नाव मिळाले. रवींद्रनाथांना एक खंत मात्र होती. मॅट्रिकच्या परीक्षेचा दट्ट्या पालकांनी शाळेत आणलाच होता आणि मुलेही सुखवस्तू घरांतलीच येत होती. म्हणून 1924 मध्ये त्यांनी आसपासच्या खेड्यांतल्या गरीब मुलांसाठी शिक्षासत्र ही वेगळी शाळा काढली. त्यात भाजीचा मळा, विणकाम, स्वयंपाक यांतूनच गणित आणि विज्ञान शिकवले जाई. ती पुढे श्रीनिकेतनला हलली. पाहुण्यांची वर्दळ पाठभवनाकडेच राहिली. शिक्षासत्राकडे त्या मानाने कमी लोकांचे लक्ष गेले. त्यात त्यांचा जीव अधिक होता असे त्यांच्या पत्रांवरून वाटते.

1928 च्या पावसाळ्यात शांतिनिकेतनात वृक्षारोपणाचा उत्सव झाला. त्यासाठी त्यांनी बलाई ही गोष्ट लिहिली आणि तिथे वाचून दाखवली. बलाई हा आईविना वाढलेला, झाडाझुडपांवर जीव लावणारा मुलगा. घराच्या वाटेवरच मधोमध उगवलेले सावरीचे रोप तो काकांना उपटू देत नाही. पुढे तो शिकायला शिमल्याला जातो, आणि विलायतेला निघण्याआधी आपल्या त्या झाडाचे छायाचित्र काकूकडे मागवतो. काकांनी तोवर झाड तोडून टाकलेले असते. काकू दोन दिवस जेवत नाही.

लेखिका महाश्वेतादेवी 1936 ते 1938 या काळात शांतिनिकेतनात शिकत होत्या. त्या वेळी रवींद्रनाथांचे वय पंचाहत्तरीच्या पुढे होते, प्रकृती बिघडत चालली होती. तरीही ते सातवीच्या वर्गाला बंगाली शिकवायला आले, अशी आठवण महाश्वेतादेवींनी सांगितली आहे. त्यांनी शिकवायला घेतली होती ती हीच गोष्ट, बलाई.